घरचं एस्प्रेसो मशीन गळतंय, शॉट उडतोय: बिघाड कुठे आहे ते कसं शोधायचं

कमी किमतीच्या एस्प्रेसो मशीनबद्दल दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक, पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे कॉफी भरून मशीनला लावतो त्या दांडा असलेल्या भागाच्या, कडेने पाणी पाझरतं. दुसरी, शॉट, म्हणजे एका वेळी निघणारी एस्प्रेसो, कपात पडायच्या ऐवजी ओट्यावर नि शर्टावर उडतो. दोन्ही वेळा लोक मशीन गेलं असं धरून चालतात, आणि वॉरंटी संपलेली असेल तर ते माळ्यावर जातं. यातली बरीचशी मशीन्स धडधाकट असतात. एखादा स्वस्तातला रबराचा भाग किंवा दळणातला थोडा बदल एवढंच त्यांना हवं असतं.

या दोन तक्रारींचं मूळ पुष्कळदा एकच निघतं. पंप पाणी जोराने ढकलतो आणि पाणी सगळ्यात सोपी वाट धरतं. कॉफी फार बारीक किंवा फार जास्त भरली, की पाणी तिच्यातून जाण्याऐवजी कडेची रिंग ढकलून बाहेर येतं. कॉफीत कुठे फट राहिली, की सगळं पाणी त्या फटीतून सुसाट निघतं आणि फवारा उडतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पाणी नेमकं कुठून आणि कधी निसटतंय हे बघायचं.

हा लेख लहान घरगुती मशीन्ससाठी आहे: व्हायब्रेटरी पंप, एकच बॉयलर किंवा थर्मोब्लॉक (वाहतं पाणी तापवणारा धातूचा ठोकळा), आणि खोक्यावर ठळक अक्षरात 15 किंवा 20 बार. तो आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो ते सांगतो. एस्प्रेसो काढायला कॉफीवर 9 बारच्या आसपास दाब पुरतो. अशा बऱ्याच मशीन्सची बास्केट, म्हणजे पोर्टाफिल्टरमधली कॉफी भरायची भोकांची वाटी, 51 मिमीची असते, उदाहरणार्थ डेलॉन्गी डेडिकाची. गॅजिया क्लासिकसारख्या थोड्या वरच्या मशीनमध्ये 58 मिमीची बास्केट असते आणि दाब सोडणारा थ्री-वे व्हॉल्व्हही असतो. या व्हॉल्व्हचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, तेव्हा आपल्या मशीनमध्ये तो आहे का, हे माहितीपुस्तिकेत बघून ठेवा.

आधी वेळ पकडा

प्लग काढा, मशीन थंड होऊ द्या, ड्रिप ट्रे रिकामा करून सगळं कोरडं पुसा. मशीनच्या चार पायांपाशी आणि टाकीच्या खाली टिश्यू पेपरचे तुकडे ठेवा. टाकी भरा आणि प्लग न लावता तासभर तसंच सोडा. टिश्यू भिजला तर गळती टाकीची किंवा टाकीच्या बुडाशी असलेल्या व्हॉल्व्हची. पंपाचा त्यात काही संबंध नाही.

टिश्यू कोरडा असेल तर मशीन चालू करून तापू द्या. तापताना ग्रूप हेडमधून, म्हणजे पोर्टाफिल्टर लावतो त्या जागेतून, थेंब-थेंब पाणी पडणं ही गळती नव्हे. पाणी तापलं की फुगतं आणि त्याला कुठून तरी बाहेर यावंच लागतं. खाली एक वाटी ठेवा नि विसरून जा.

मग पोर्टाफिल्टर न लावता पंप चालवा. पाणी जाळीतून सारखं पडतंय का, की एका बाजूनेच धार येतेय, ते बघा. एका बाजूने येत असेल तर जाळी चोंदली आहे. याच वेळी मशीनच्या बुडाखाली ओल दिसली तर आतली एखादी नळी किंवा जोड ढिला आहे.

शेवटी नेहमीसारखी कॉफी भरून शॉट काढा. फक्त आत्ताच कडेने पाणी आलं असेल, तर कारण गॅस्केट (ग्रूप हेडमधली रबरी रिंग), बास्केटची कड किंवा खुद्द कॉफी यांपैकी एक. बहुतेकांची गळती इथेच सापडते.

एक गोष्ट फार लोकांना फसवते. काही मशीन्समध्ये दाब वाढला की जादा पाणी एका नळीने ड्रिप ट्रेमध्ये किंवा परत टाकीत सोडलं जातं. शॉट तुंबला आणि ट्रे मात्र भरत चालला, तर ते मशीनने स्वतःला सांभाळलेलं असतं. दळण जाड करा, ट्रेमधलं पाणी आपोआप कमी होईल.

पोर्टाफिल्टरच्या कडेने येणारं पाणी

गॅस्केटला हात लावण्याआधी चार गोष्टी याच क्रमाने बघा.

बास्केटची कड. कॉफी भरताना कडेवर चार-दोन कण राहतात. पोर्टाफिल्टर लावण्याआधी अंगठा कडेवरून गोल फिरवा. रोज लागणारी ही सवय आहे. एक कण जरी कड आणि रबर यांच्यामध्ये अडकला, तरी तेवढ्या जागेतून पाणी वाट काढतं.

ग्रूप हेडची आतली बाजू. मोबाइलचा टॉर्च लावून खालून वर बघा. जाळीभोवतीच्या खोबणीत जुन्या कॉफीचा काळा, तेलकट थर दिसेल. मशीन कोमट असताना जुना टूथब्रश आणि गरम पाण्याने तो घासून काढा, मग पंप चालवून पाणी सोडा. थर फार जुना असेल तर हे दोन-तीनदा करावं लागतं. टूथब्रशचे केस गळून खोबणीत राहत नाहीत ना, तेही बघा.

कॉफी किती भरलीय. कॉफी दाबल्यावर पोर्टाफिल्टर नेहमीपेक्षा अलीकडेच अडकत असेल, तर भर जास्त झालीय. खात्री करायची असेल तर दाबलेल्या कॉफीवर एक स्वच्छ नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर लावा नि लगेच काढा. नाणं कॉफीत रुतलं असेल तर एक-दीड ग्रॅम कमी करा. 51 मिमीच्या डबल बास्केटमध्ये साधारण 14 ते 16 ग्रॅम मावते, बास्केटच्या उंचीप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

दळण. पंप घोरल्यासारखा आवाज काढतोय, कपात काळे थेंब पडतायत आणि कडेने पाणी येतंय, ही तीनही लक्षणं एकत्र असतील तर कॉफी फार बारीक आहे. शॉट तिथेच थांबवा. इथे एक आपल्याकडचं कारण हमखास सापडतं: दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची चिकोरीमिश्रित पूड. चिकोरी भिजली की चिकट होते आणि बास्केटची भोकं बुजवते. ती पूड स्टीलच्या फिल्टरमध्ये उत्तम लागते, तिला तिथेच ठेवा. मशीनसाठी चिकोरी नसलेली कॉफी घ्या.

हे सगळं ठीक असूनही पाणी येत असेल तर गॅस्केट.

गॅस्केट तपासणं आणि बदलणं

कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होण्याऐवजी कडेने वाफ जाते, तसंच हे. ग्रूप हेडमधलं रबर रोजच्या उष्णतेने ताठ होतं, आक्रसतं, त्याला बारीक चिरा पडतात. गार मशीनमध्ये बोट घालून त्यावर नख दाबा. नख किंचित रुतून खूण परत भरून आली तर रबर जिवंत आहे. नख घसरलं किंवा काळी भुकटी हाताला लागली तर बदला. दुसरी खूण दांड्याची: पोर्टाफिल्टरचा दांडा पूर्वी मधोमध यायचा आणि आता बराच उजवीकडे गेल्याशिवाय घट्ट बसत नाही. तो आणखी जोर लावून आवळू नका. आवळल्याने गळती चार दिवस थांबेल, पण दांड्याचे कान आणि ग्रूप हेडच्या खाचा झिजतील, आणि ती दुरुस्ती महाग पडते.

बदलायची रीत अशी. प्लग काढा, मशीन पूर्ण गार होऊ द्या, टाकी काढून ठेवा. आधी फोटो काढा. जाळीच्या मध्यभागी बहुधा एक स्क्रू असतो, चौफुलीचा किंवा षटकोनी. तो सोडवताना स्क्रू ड्रायव्हर सरळ वर दाबून धरा, कारण तेलाने घट्ट झालेल्या स्क्रूचं डोकं घासलं तर काम फार अडतं. निघत नसेल तर मशीन तापवून काही वेळ गरम पाणी सोडा, पुन्हा प्लग काढून गार करा आणि मग प्रयत्न करा. जाळी निघाली की मागचा थर बघा. वर्षानुवर्षांची कॉफी तिथे साठलेली असते, आणि शॉटला येणारा जळकट वास बऱ्याचदा तिथूनच येत असतो. जाळी गरम पाण्यात भिजत घाला.

जुनं गॅस्केट टोच्याने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचला. ताठ झालेलं रबर तुकड्यातुकड्याने निघेल, निघू द्या. धातूवर मात्र चरे पाडू नका. खोबण कपड्याने पुसून कोरडी करा. नवं गॅस्केट घेताना मशीनचं नाव आणि मॉडेल नंबर सांगा. दुकानदार नुसतं 51 मिमीचं गॅस्केट म्हणून पुढे करेल, पण 51 मिमी हे बास्केटचं माप, गॅस्केटचं नव्हे. जुन्याचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी, तिन्ही व्हर्नियरने मोजून न्या. जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दांडा कुठे थांबतो ते बदलतो. मिळत असेल तर सिलिकॉनचं घ्या, ते उष्णता जास्त सोसतं. एका बाजूला उतार असेल तर जुनं ज्या तोंडाने बसलं होतं त्याच तोंडाने बसवा. फोटो इथे कामाला येतो.

नवं गॅस्केट घट्ट असतं, दांडा पहिले काही दिवस अलीकडेच थांबेल. ते बरोबर आहे. आणि काम संपल्यावर पोर्टाफिल्टर घट्ट आवळून रात्रभर ठेवू नका, रबर कायम दाबलेलं राहतं.

शॉट संपल्यावरचा फवारा

पोर्टाफिल्टर काढताच फस्सकन आवाज होऊन गरम चोथा उडतो. यात बिघाड काहीच नाही, पण हात भाजतो म्हणून गांभीर्याने घ्या. थ्री-वे व्हॉल्व्ह असलेल्या मशीनमध्ये पंप थांबला की कॉफीवरचा दाब लगेच ट्रेमध्ये सुटतो. स्वस्त मशीन्समध्ये बहुधा तो व्हॉल्व्ह नसतो आणि दाब आतच अडकून राहतो. पंप बंद केल्यावर थेंब थांबेपर्यंत वाट बघा, साधारण अर्धा ते एक मिनिट. मग वर फडकं धरून दांडा किंचित सैल करा, आवाज जाऊ द्या आणि नंतरच पूर्ण काढा. शॉट तुंबला असेल तर याहून बराच जास्त वेळ द्या, कारण दाब कॉफीतून निघून जायला वाटच नसते. वाफेने दूध तापवल्यावर लगेच पोर्टाफिल्टर कधीही उघडू नका. आधी स्टीमच्या नळीतून पाणी सोडून बॉयलरचं तापमान खाली येऊ द्या.

याच कारणाने, व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनला आंधळी, म्हणजे बिनभोकाची, बास्केट लावून बॅकफ्लश (पाणी उलटं ढकलून आतली सफाई) करू नका. दाबाला सुटायला जागा नसते, सफाई होत नाही आणि उघडताना धोका तेवढा वाढतो.

तुमची बास्केट कुठली?

उडणाऱ्या शॉटचा विचार करताना हा प्रश्न पहिला. बास्केट उलटी करून उजेडात धरा. आतल्या बाजूला बरीच भोकं आणि बाहेरून मात्र टाचणीच्या टोकाएवढं एकच भोक, तर ती दुहेरी तळाची, दाब देणारी बास्केट. आरपार शेकडो भोकं दिसली तर ती एकेरी.

दुहेरी बास्केट कशाही दळणातून फेस काढून देते. तिची दुखणी वेगळी. ते एकमेव भोक अर्धं बुजलं की धार तिरकी येते, पिचकारीसारखी उडते किंवा येतच नाही. गरम पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून बास्केट रात्रभर भिजवा, सकाळी बारीक सुईने भोक बाहेरून हलकेच मोकळं करा. सुई जोराने घालून भोक मोठं केलं तर बास्केटचा उपयोगच गेला. मग नळाखाली धरा आणि पाणी सरळ धारेने पडतंय का ते बघा. काही पोर्टाफिल्टरमध्ये धार शांत करणारा छोटा काळा प्लास्टिकचा किंवा रबराचा भाग असतो. घासताना तो निघून सिंकमध्ये गेला, आणि त्या दिवसापासून शॉट उडायला लागला, असं सर्रास होतं.

घरच्या मिक्सरमध्ये बिया दळत असाल तर दुहेरी बास्केटवरच राहा. मिक्सरमधून पीठ आणि रवा दोन्ही एकदम निघतात. एकेरी बास्केटमध्ये ते पीठ भोकं बुजवतं आणि रव्याच्या बाजूने पाणी पळतं. पैसे खर्च करायचेच असतील तर नव्या मशीनऐवजी आधी चांगला हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या, असं माझं ठाम मत आहे. चांगलं दळण असलं की साध्या मशीनमधूनही सुरेख शॉट निघतो. वाईट दळण कुठलंच मशीन सावरू शकत नाही.

एकेरी बास्केट आणि उडणारी धार

इथे मोजून काम करावं लागतं. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. सुरुवात 15 ग्रॅम कॉफी, कपात 30 ग्रॅम, पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंद. पंधरा सेकंदातच 30 ग्रॅम पडली तर दळण ग्राइंडरवरच्या एका खुणेने बारीक करा. चाळीस सेकंद झाले तरी पुरी होत नसेल तर एक खूण जाड. वजन, दाब आणि दळण एकाच वेळी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

वेळ जमूनही धार उडत असेल, तर कॉफीची भर असमान आहे. ग्राइंडरमधून पडलेल्या कॉफीत बारीक गुठळ्या असतात. बुचात चार-पाच बारीक सुया खोचा, साधारण 0.4 मिमी जाडीच्या, आणि त्यांनी बास्केटमधली कॉफी अगदी तळापासून गोल-गोल ढवळा. तळ विसरू नका, वरवर ढवळल्याने वरचाच थर सारखा होतो. पोर्टाफिल्टर ओट्यावर एकदा हलकं आपटून कॉफी बसवा, मग टॅम्पर, म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळा, सरळ धरून दाबा. किती जोराने दाबलं याला फार महत्त्व नाही. कॉफी आणखी बसेना की थांबायचं. दाब सरळ असण्याला मात्र फार महत्त्व आहे, कारण दाबलेल्या कॉफीची चकती तिरपी झाली तर तिच्या पातळ बाजूने पाणी पळतं. डोळे बास्केटच्या पातळीला आणून बघा, टॅम्परची कड चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. मशीनसोबत येणारा प्लास्टिकचा टॅम्पर बास्केटपेक्षा बराच लहान असतो, आणि कडेला न दाबलेल्या कॉफीचं कडं उरतं. नेमक्या त्या कड्यातूनच पाणी निसटतं. बास्केटच्या मापाचा धातूचा टॅम्पर ही एक खरेदी लगेच फरक दाखवते. दाबल्यावर पोर्टाफिल्टरला बाजूने टकटक करू नका, चकती कडेपासून सुटते.

शॉटनंतर चकती काढून नीट बघा. टाचणीने टोचल्यासारखं एखादं भोक किंवा एका बाजूला फिकट पट्टा दिसला तर पाणी तिथून गेलंय. चकती वर ओली, चिखलासारखी असणं हे व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनमध्ये नेहमीचं आहे, त्यापायी दळण बदलत बसू नका. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर घेतलात तर हे सगळं डोळ्यांना दिसतं: धार कुठल्या कोपऱ्यातून फुटते ती असमान भराची जागा. शिकताना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, पण पहिले काही आठवडे ओटा पुसायची तयारी ठेवा.

बियांचाही दोष असू शकतो. भाजून दोन-तीन दिवसच झालेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, शॉट फसफसतो आणि शिंतोडे उडतात. आठवडाभर थांबा. उलट, काही महिने जुन्या बियांचा शॉट पाण्यासारखा भराभर पळतो. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली चिकमगळूर किंवा कूर्गची कॉफी आता सहज मिळते, ती तारीख बघूनच घ्या. थंडीतल्या कोरड्या हवेत कॉफी ग्राइंडरला चिकटते, गुठळ्या वाढतात. दळण्याआधी ओल्या चमच्याच्या टोकाने बिया एकदा हलवल्या की ते बरंच कमी होतं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, कालची खूण आज चालत नाही. बिया हवाबंद डब्यात ठेवा आणि रोज पहिल्या शॉटचा वेळ बघून दळण जुळवा.

पोर्टाफिल्टरच्या दोन तोंडांतून कॉफी कमी-जास्त पडते, एवढीच तक्रार असेल तर आधी ओटा समपातळीत आहे का ते बघा.

बुडाखालून येणारं पाणी

टाकीच्या व्हॉल्व्हची रबरी ओ-रिंग काढून पुसा, चीर असेल तर बदला, नसेल तर खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस चिमूटभर लावून बसवा. बऱ्याच वेळा तिथे पांढरा क्षार किंवा कॉफीचा कण अडकलेला असतो. टाकी काढून परत घट्ट दाबून बसवणं हाही उपाय आहे, आणि तो हास्यास्पद वाटण्याइतका वारंवार लागू पडतो.

आतल्या नळ्यांची गळती असेल तर नळीच्या टोकाची क्लिप ढिली झालेली असते किंवा नळीचं टोक चिरलेलं असतं. विजेच्या कामाची सवय असेल तरच मशीन उघडा, प्लग काढून आणि गार करून. आत 230 व्होल्ट आणि पाणी जवळजवळ असतात. मशीन लावल्यावर घरातला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, किंवा अंगाला हलका झटका जाणवत असेल, तर ते पुन्हा लावून बघू नका. हीटरपर्यंत पाणी गेलेलं असू शकतं आणि ते काम मेकॅनिकचंच. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटशिवाय हे मशीन वापरूच नये.

क्षार

मुंबई-पुण्यातलं धरणाचं पाणी तुलनेने मऊ असतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर क्षार लवकर बसतात: धार बारीक होते, पंपाचा आवाज बदलतो, स्टीमची नळी बंद केल्यावरही टपकत राहते. टपकण्याचं कारण बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसलेला क्षार असतो.

माहितीपुस्तिकेत क्षार काढण्याची रीत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पूर्ण विरघळवा. टाकीत फिल्टर असेल तर तो आधी काढा. निम्मं पाणी ग्रूप हेडमधून आणि स्टीमच्या नळीतून थांबत-थांबत सोडा, मशीन बंद करून पंधरा मिनिटं राहू द्या, मग उरलेलं सोडा. नंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या भरून सगळं धुवून काढा. रात्रभर अ‍ॅसिड आत ठेवू नका, स्वस्त मशीन्सचे बॉयलर बरेचदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. व्हिनेगर टाळा, रबराला ते मानवत नाही आणि वास आठवडाभर जात नाही.

क्षार काढल्यानंतर पहिल्यांदाच कुठून तरी गळायला लागलं तर गोंधळू नका. जुन्या रबराची फट त्या क्षारानेच बुजवलेली होती. ती ओ-रिंग बदलायला झालीच होती. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर पंप मोठ्याने वाजतो पण पाणी येत नाही, तेव्हा हवा अडकलेली असते. टाकी भरा, स्टीमचा नॉब उघडा आणि पाण्याचं बटण दाबून धार सलग येईपर्यंत थांबत-थांबत पंप चालवा.

मेकॅनिककडे न्यायची वेळ आलीच तर मशीन गळतं एवढंच सांगू नका. गळती प्लगशिवाय होते, तापताना होते, नुसत्या पाण्याने होते की कॉफी भरल्यावर, हे लिहून द्या, आणि पाणी नेमकं कुठून येतं त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवा. दुरुस्तीच्या टेबलावर मशीन बहुधा कॉफीशिवायच चालवून बघतात, आणि कॉफी भरल्यावरच होणारी गळती तिथे दिसत नाही.